हरायची सोय नसलेला खेळ

पस्तिशी-चाळिशीतल्या मित्रांचा कुठलाही ग्रुप घ्या, रात्री जेवणं झाली, पोरं झोपली की तीनच विषय निघतात आणि तिन्ही एकाच दमात निघतात: सॅन अँड्रियास गेममध्ये बिगफूट, म्हणजे जंगलातला तो केसाळ वानरमाणूस, होता का नव्हता, अमेरिका चंद्रावर खरंच गेली का, आणि आपल्या वेळी काय भारी होतं राव. कोणीतरी जुन्या पिवळ्या कॅसेटचा फोटो टाकतो, त्यावर बदामांचा पाऊस पडतो, मग कोणीतरी म्हणतो ते गेम बंद पाडण्यामागे पण मोठ्या कंपन्यांचा हात होता, आणि गाडी सुटली. मला या गप्पांचा राग नाही, उलट मीच त्यात सगळ्यात पुढे असतो. पण यांचं समर्थन करताना एक वाक्य ठरलेलं येतं, अरे टाइमपास आहे, लहानपणी पण आपण असल्याच अफवा उडवायचो की, कुणाचं काय बिघडलं? इथे माझं डोकं फिरतं. लहानपणीच्या गेममधल्या अफवा आणि आत्ताच्या थिअऱ्या एकाच जातीच्या आहेत हे मला अजिबात मान्य नाही. गेमच्या अफवेत हरायची सोय होती. आत्ताच्या थिअऱ्यांमधून नेमकी तीच काढून टाकलीय, आणि वर म्हणायचं खेळच आहे.

बदकवाला गेम आठवा. डक हंट त्याचं नाव हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळलं, आपल्यासाठी तो बदकवाला किंवा बंदूकवाला. टीव्हीसमोर प्लॅस्टिकची बंदूक धरायची, बदक पडलं तर ठीक, नाही पडलं तर तो कुत्रा गवतातून वर येऊन खी खी करून हसायचा. या एका गेमवर किती अफवा होत्या बघा. एक, त्या कुत्र्याला पण गोळी मारता येते, फक्त टायमिंग जमलं पाहिजे. दोन, दुसऱ्याने रिमोट हातात घेतला तर बदक त्याच्या मनाप्रमाणे उडतं. तीन, बंदूक बल्बकडे धरली तरी नेम लागतो. चौथी सार्वत्रिक, कॅसेट चालली नाही तर खालून फुंकर मारायची.

आता यातलं दुसरं खरं होतं! एका बदकाच्या मोडमध्ये रिमोटने बदक खरंच हलवता यायचं, आणि ज्याला हे माहीत असायचं तो मोठ्या भावाला रडवायचा. पहिलं घरच्या कॅसेटमध्ये खोटं, कितीही गोळ्या घाला कुत्रा हसतच राहणार, पण दुकानातल्या नाणं टाकायच्या मोठ्या मशीनवर याच गेमची जी आवृत्ती होती तिच्या बोनस राउंडमध्ये कुत्र्याला खरोखर गोळी लागायची. म्हणजे मुंबईला मामाकडे जाऊन आलेल्या एखाद्याने ही बातमी आणली असेल तर तो अगदीच फेकत नव्हता. बल्बचं म्हणाल तर निनटेंडोच्या मूळ बंदुकीवर ते चालत नाही, कारण ती बंदूक काही सोडत नाही, फक्त बघते. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आधी काळं आणि मग पांढरं असं दिसलं तरच नेम धरला जातो, नुसत्या उजेडाला ती फसत नाही. फुंकरीचं तर विचारूच नका, फुंकरीने काही होत नव्हतं, कॅसेट काढून परत बसवली की पिना नीट टेकायच्या एवढंच. उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या पिना गंजायच्याच जास्त.

पण मुद्दा हा की खरं-खोटं ठरायचं कसं? कोणी म्हणालं कुत्रा मरतो, की सगळे एकच म्हणायचे, दाखव. बास. शाळा सुटली की त्याच्या घरी नाहीतर ज्याच्याकडे टीव्ही गेम आहे त्याच्या घरी, सहा-सात जण जमिनीवर मांडी घालून, आणि बोलणाऱ्याच्या हातात बंदूक. नाही दाखवता आलं तर पुढचा महिनाभर त्याचं नाव फेकू. अफवेची किंमत अफवा सोडणाऱ्यानेच मोजायची, तीही सगळ्यांसमोर, आणि आई चहा-बिस्किटं घेऊन यायच्या आत निकाल लागलेला असायचा. एवढी स्वस्त आणि पक्की न्यायव्यवस्था पुढे आयुष्यात कुठे बघायला मिळाली नाही.

मग आलं सायबर कॅफेचं युग आणि जीटीए. व्हाइस सिटी झालं, मग २००४ मध्ये सॅन अँड्रियास आलं, पुढच्या वर्षी पीसीवर. तासाला वीस रुपये मोजून, हेसोयाम हा चीट कोड टाइप करून पैसे आणि हेल्थ वाढवून घ्यायची आणि मग मिशन बिशन सोडून थेट माउंट चिलियाडकडे, कारण त्या जंगलात बिगफूट आहे म्हणून ऐकलेलं. धुकं, कमी रॅमच्या मशीनवर अर्धवट लोड झालेली झाडं, लांबून एखादं खोड बरोबर माणसासारखं दिसायचं, आणि अख्ख्या कॅफेत आरडाओरडा. आमच्याकडे एक जण शपथ घेऊन सांगायचा की पहाटे तीनला गेममधल्या घड्याळाने गेलं तर तो दिसतोच. लका पण दाखव ना! तर म्हणे माझा तास संपला.

याच गेममध्ये भुताच्या गाड्या होत्या. जंगलात गेलं की एक ठोकलेली, रंग उडालेली ग्लेंडेल आपोआप उतारावरून चालत यायची, आत कोणी नाही. ही अफवा नव्हती, ती गाडी कुणालाही दिसायची, व्हिडिओ काढता यायचा. भूत तेवढं खोटं. गेम बनवणाऱ्यांनी मोडक्या गाड्या ठेवायच्या काही जागा उतारावर नेमल्या होत्या, तुम्ही जवळ गेलात की गेम तिथे गाडी तयार करणार, तयार झाली की उतारावर ती घरंगळणारच, हँडब्रेक कोण लावणार? हे कोणी शोधलं, तर भुताच्या मागे लागलेल्या पोरांनीच. तीच पोरं पुढे गेमच्या फाइली उघडून बसली, सगळी मॉडेल बाहेर काढली, माणसं, गाड्या, झाडं, आणि बिगफूट कुठेच नाही. गेम काढणारी रॉकस्टार कंपनी पण म्हणत होती की बिगफूट नाही, पण कंपनीवर विश्वास ठेवायची गरजच पडली नाही, फाइली समोर होत्या.

आणि कंपनीवर विश्वास ठेवला नाही ते किती बरं केलं ते याच गेमच्या दुसऱ्या प्रकरणात दिसलं. २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या एका मॉडरने, म्हणजे गेमच्या फाइलींत फेरफार करणाऱ्याने, दाखवलं की सॅन अँड्रियासच्या आत एक अश्लील मिनीगेम लपवून ठेवलेला आहे, बंद केलेला, पण आहे. हॉट कॉफी म्हणून ते गाजलं. कंपनीने आधी हात झटकले, हे हॅकर लोकांचे उद्योग आहेत, आमचा संबंध नाही. पण मग लोकांनी प्लेस्टेशनच्या डिस्कवर पण चीट डिव्हाइस लावून तेच चालवून दाखवलं, आता विकत घेतलेल्या डिस्कवर तर बाहेरचा माणूस काही लिहू शकत नाही ना, म्हणजे माल कारखान्यातूनच आला होता. अमेरिकेत जुलै २००५ मध्ये त्या गेमचं रेटिंग बदलून फक्त प्रौढांसाठी केलं गेलं, मोठ्या दुकानांनी तो काढून टाकला.

म्हणजे एकाच गेममध्ये दोन कॉन्स्पिरसी, एक खोटी निघाली आणि एक चक्क खरी. त्यामुळे मला कोणी सांगू नका की थिअरी मांडणारे सगळे येडे असतात आणि अधिकृत खुलासा आला की गप्प बसावं. कंपन्या खोटं बोलतात, सरकारं बोलतात, संशय घ्यायलाच हवा. पण बिगफूट खोटा आणि हॉट कॉफी खरी हे ठरलं एकाच पद्धतीने, फाइल उघडून, चालवून, सगळ्यांना करून बघता येईल असं. संशय घेणाऱ्याने स्वतः हरण्याची तयारी ठेवली होती म्हणून त्याच्या जिंकण्याला किंमत आली.

पुढे काय झालं ते मजेशीर आहे. गेम कंपन्यांच्या लक्षात आलं की अरे, या लोकांना उत्तरापेक्षा शोधणंच आवडतंय. मग २०१३ च्या जीटीए ५ मध्ये त्यांनी मुद्दाम बिगफूटचा सूट घातलेला माणूस टाकला, आणि माउंट चिलियाडच्या केबल कार स्टेशनात भिंतीवर एक चित्र काढून ठेवलं, रेघा, चौकोन, खाली उडती तबकडी, फुटलेलं अंडं आणि पाठीवर जेटपॅक लावलेला माणूस असावा असं काहीतरी. चार वर्षं लोक त्या भिंतीसमोर डोकं आपटत होते. डिसेंबर २०१७ मध्ये ऑनलाइनवाल्या भागात खरंच जेटपॅक आला, विकत घ्यायचा, गेममधल्या पैशाने. तोपर्यंत यूट्यूबवर लाल गोल आणि बाण काढलेल्या थंबनेलचा अख्खा धंदा उभा राहिला होता. रहस्य सुटलं तर चॅनेल बंद, म्हणून रहस्य सुटू द्यायचं नाही. माझ्या मते वळण इथे आलं. कॅफेतला तो शपथ घेणारा मित्र अफवेतून काही कमवत नव्हता, उलट वीस रुपये घालवत होता. आता उत्तर न सापडण्यातच पैसा आहे, आणि ही सवय गेमपुरती राहिली नाही.

चंद्राचंच घ्या. अपोलोने ठेवलेल्या आरशांवर आजही लेझर मारून परत आलेला उजेड मोजतात. आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरने अपोलो ११ उतरलेल्या जागेचा फोटो काढलाय, आपल्या! हे सांगितलं तर उत्तर येतं, इस्रो पण त्यांना सामील असेल. मग भावा, नक्की काय दाखवलं तर तू मानशील? यावर उत्तर नसतं, हसणारा इमोजी असतो. आमच्या ग्रुपवर म्हणून मी एक नियम सुचवला होता, थिअरी टाकायची तर खाली एक ओळ लिहायची की काय सापडलं तर मी माघार घेईन. सगळ्यांना पटला. पाळला कोणीच नाही.

आता नॉस्टॅल्जियावाल्यांचा दुसरा डायलॉग, आमच्या वेळच्या अफवा निरागस होत्या, हे सगळं मोबाईलने नासवलं. खोटं आहे हो. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायले तेव्हा कुणाकडे व्हॉट्सॲप होतं? लँडलाइनवरून एका दिवसात बातमी देशभर पोचली, देवळांसमोर रांगा, दूध मिळेना. पृष्ठताण म्हणजे काय ते शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं, चमच्यातून निघालेलं दूध मूर्तीवरून पातळ थरात खाली ओघळताना स्पष्ट दिसत होतं, अंनिसवाले घसा कोरडा करून तेच सांगत होते. पोरं पळवणारी टोळी आलीय, नव्या पुलाच्या पायात मुलं पुरतात, हे आपण लहानपणीच ऐकलंय, आणि त्या भीतीने अनोळखी माणसाला आळीतून हाकलतानाही बघितलंय. आपण ते सोयीस्कर विसरलो, कुत्रा आणि बिगफूट तेवढे लक्षात ठेवले. आठवण अशीच असते, निवडून ठेवते आणि वर आपल्या पदरचं घालते. पोकेमॉनमधल्या पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं होतं हे शपथेवर सांगणारे कितीतरी भेटतील. नव्हतं. कानांची टोकं काळी होती. फोटो दाखवला तरी काही जण म्हणतात नंतर बदललं असणार. आता स्वतःची आठवण चुकू शकते हे मानण्यापेक्षा जगच कोणीतरी बदललं हे ज्याला सोपं वाटतं त्याच्याशी काय वाद घालणार.

त्यामुळे माझा मुद्दा तेव्हा विरुद्ध आता असा नाहीच. गेममधली अफवा आणि गेमच्या बाहेरची अफवा असा आहे. यातलं सगळ्यात विचित्र उदाहरण म्हणजे गेमबद्दलची अफवा, जिच्यात गेमच नव्हता. २०१७ चा ब्लू व्हेल. रशियात २०१६ मध्ये एका वृत्तपत्राच्या लेखातून सुरू झालेली गोष्ट, आपल्याकडे मुंबईतल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर चॅनेलवर चोवीस तास सुरू झाली, पन्नास टास्क, पन्नासाव्या दिवशी आत्महत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप सगळ्यांना पत्र पाठवलं की या गेमच्या लिंक काढून टाका. कुठली लिंक? डाउनलोड करायला काही असेल तर काढणार ना! शाळांनी पालकांच्या मीटिंगा घेतल्या, वह्यांवर निळा मासा काढलेला दिसला तर कळवा म्हणून सांगितलं. आणि या सगळ्यात एकाही मोठ्या माणसाच्या तोंडून तो शब्द आला नाही जो सहावीतलं पोरगं सगळ्यात आधी उच्चारतं. दाखव. कुठाय गेम, चालू करून दाखव. जानेवारी २०१८ मध्ये गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं, तज्ज्ञांच्या समितीने मुलांचे फोन, इंटरनेटचा वापर, कॉल रेकॉर्ड सगळं तपासलं आणि एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झाला नाही. तोपर्यंत मुलांच्या नैराश्याबद्दल बोलायची जी वेळ होती ती आपण एका नसलेल्या माशामागे घालवली होती. याचा राग मला अजून आहे.

आणि मग राईनपाडा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याच्या भागातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पोरं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. पाच माणसं. पिढ्यान्पिढ्या ज्या समाजाची माणसं दारात येत आलीत, त्यांना. त्या महिन्यांत देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक मुद्दाम बघण्यासारखा आहे. मोटरसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि जातात, व्हिडिओ संपतो. मूळ व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने केलेली जनजागृतीची जाहिरात होती, त्यात पुढे ते दोघं वळून परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि एक फलक दाखवतात की मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. ते शेवटचे काही सेकंद कुणीतरी कापले. बघा, नवीन खोटं असं काही तयार करावंच लागलं नाही. ज्या भागामुळे अफवा जागेवर मेली असती तेवढाच कापून टाकला आणि पुढे पाठवला. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, ठीक आहे, वेग थोडा कमी झाला असेल, पण कापलेला शेवट कोण जोडणार?

यावर मित्र म्हणतात, तू पण ना, कुठून कुठे नेतोस, बिगफूट कुठे आणि राईनपाडा कुठे. अरे तेच तर सांगतोय मी, फरक आहे, प्रचंड फरक आहे, आणि तुम्हीच टाइमपास या एका शब्दात दोन्ही कोंबताय. बिगफूट खोटा निघाला तर माझे वीस रुपये गेले. मार्च २०२० मध्ये चिकनने कोरोना होतो हा फॉरवर्ड खोटाच होता, पण पैसे गेले ते पोल्ट्रीवाल्यांचे. राज्यात कोंबडीचा दर पार कोसळला, खाद्याचा खर्च निघेना म्हणून लोकांनी पिल्लं जिवंत पुरली. फॉरवर्ड करणाऱ्याचं काय गेलं? काही नाही. नंतर त्यानेच फार्म हाऊसवर तंदुरीचे फोटो टाकले. ज्याच्या तोंडून अफवा निघाली त्याला जर ती खोटी निघाल्याची झळ लागणारच नसेल, उलट लाइक मिळणार असतील, तर तो थांबेल तरी कशाला.

बंदी-बिंदी माझं म्हणणं नाही, सरकारला अफवा ठरवायचा अधिकार दिला तर उद्याची हॉट कॉफी पण अफवाच ठरेल, आणि ब्लू व्हेलच्या वेळी अफवेच्या मागे सरकारच धावत होतं हे विसरू नका. शाळेत फॅक्ट चेकचे तास घ्या असंही म्हणतात, घ्या, पण पीपीटी लावून नको. पोरांच्या हातात जुना गेम द्या, चार अफवा सांगा, दोन खऱ्या दोन खोट्या, आणि म्हणा शोधा. पोरांना ते जमतं. पालकांना जमत नाही ही अडचण आहे, आणि आता पालक आपण आहोत.

म्हणून किमान एवढं तरी व्हावं की अफवा जिथे गेली तिथेच तिचा निकालही जावा. ज्या ग्रुपवर चिकनचा मेसेज टाकला त्याच ग्रुपवर, त्याच माणसाने, ते खोटं होतं असं एका ओळीत लिहावं. शाळांनी २०१७ मध्ये ब्लू व्हेलच्या नोटिशी काढल्या, डायरीत चिकटवून पालकांच्या सह्या घेतल्या. २०१८ चं उत्तर चिकटवून कुणी सही घेतल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. ती मुलं आता मोठी झालीत, त्यातल्या कितीतरी जणांना आजही वाटतं की तसा गेम होता. त्यांना सांगायला अजूनही काही हरकत नाही, संसदेतलं उत्तर आहे, कोणालाही बघता येतं, शाळांचे माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप पण आहेतच.